शाळेत गोवर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच विषयावरची आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत ताप आणि पुरळ येऊन मुलं आजारी पडली, आणि बातमी जुळे सोलापूरपासून विडी घरकुलापर्यंत पोचली. शाळेचं नाव इथं देत नाही, पत्र लिहिणाऱ्यांचीही नावं गाळली आहेत. माझी सगळी नोकरी सार्वजनिक आरोग्याच्या कामात याच जिल्ह्यात गेली, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मग शहरात, म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडं सोपवली. पहिलं पत्र मुख्याध्यापिकांचं आहे. त्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांच्या शंकांची मुळंही तिथंच आहेत.

प्रश्न : आमच्या दुसरीच्या वर्गातली सहा मुलं एका आठवड्यात ताप आणि पुरळामुळं घरी बसली. एका डॉक्टरांनी गोवर सांगितला, दुसऱ्यांनी ॲलर्जी, तिसऱ्यांनी व्हायरल. आरोग्य खात्याला कळवलं आहे. त्यांची माणसं येईपर्यंत मी काय करू? पालक शाळा बंद करा म्हणून मागं लागले आहेत.
(एक मुख्याध्यापिका)

उत्तर : बाई, कळवलंत हे फार बरं केलंत. आता हजेरीपट काढा. एकट्या दुसरीचा पुरणार नाही, बालवाडीपासून वरपर्यंत सगळ्या वर्गांचे काढा आणि मागच्या सहा आठवड्यांची पानं बघा. सलग तीन दिवस किंवा त्याहून जास्त गैरहजर राहिलेल्या प्रत्येक मुलाचं नाव वेगळ्या कागदावर उतरवा आणि त्या घरी फोन लावा. फोनवर ‘गोवर आला होता का’ असं विचारू नका. काही जण घाबरून नाही म्हणतात, काही जण कांजिण्यांनाही गोवरच म्हणतात. ताप किती दिवस होता, पुरळ आधी कुठं दिसलं, डोळे लाल झाले होते का, खोकला-सर्दी होती का, एवढंच विचारा आणि आई जे सांगेल ते तिच्या शब्दांत लिहून घ्या.

हजेरीपटावर माझा एवढा भर का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका शाळेत आम्हाला बोलावलं होतं. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे सांगत होते की चौथीतल्या एका मुलापासून सुरुवात झाली. मी सगळ्या वर्गांचे हजेरीपट मागवले. पहिलीच्या शिक्षिकेची सवय फार चांगली होती. गैरहजेरीच्या खुणेशेजारी ती पेन्सिलीनं बारीक अक्षरात कारण लिहायची : ताप, गावी, लग्न. चौथीतल्या त्या मुलाच्या आधी साधारण दोन आठवडे, पहिलीतली एक मुलगी ‘ताप’ म्हणून आठवडाभर आली नव्हती. मधल्या सुट्टीतही ही दोघं कधी एकत्र नसायची. पण संध्याकाळी दोघं एकाच शिकवणीला जात. ती शिकवणी यंत्रमागाच्या कारखान्यावरच्या खोलीत चाले आणि मागांचा आवाज नको म्हणून तिथल्या खिडक्या कायम बंद असत. गोवराचा विषाणू हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तो त्या हवेत राहू शकतो, उदबत्ती विझल्यावर मागं वास राहावा तसा. त्या शिकवणीत एकामागून एक तुकड्या बसत होत्या.

त्या मुलीच्या घरी गेलो. आईनं पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. रेशनकार्ड, आधार, विडी कामगाराचं कार्ड आणि सगळ्यात खाली लसीकरणाचं कार्ड, घडीवर झिजलेलं. नवव्या महिन्याच्या चौकटीत तारीख होती, सोळाव्या महिन्याची चौकट कोरी. तेव्हा ती पुढच्या बाळंतपणासाठी तेलंगणात माहेरी गेली होती, आणि परत आल्यावर तो डोस राहून गेला तो गेलाच. चौकशीत आम्ही अशी कोरी चौकट शोधत असतो. कार्ड डोळ्यांनी पाहिलं की नुसतं ‘सगळ्या लसी झाल्यात’ असं ऐकलं, यासाठी आमच्या यादीत वेगळा रकाना असतो, आणि तुमच्याही यादीत तो असू द्या.

यादी झाली की गणिताच्या वहीतला चौकोनी कागद घ्या. खालच्या ओळीत तारखा लिहा. ज्या दिवशी मुलाच्या अंगावर पुरळ उठलं त्या तारखेवर एक चौकोन रंगवा, एका मुलामागं एक. तापाची तारीख आईच्या मनात पुढंमागं होते, पुरळाची मात्र पक्की असते. चौकोनांचा एकच दाट ढीग झाला, तर बहुतेकांना एकाच सुमाराला लागण झाली. दहा ते चौदा दिवसांच्या अंतरानं दोन ढीग पडले, तर पहिल्यानं दुसऱ्याला दिला, आणि तिसरा ढीग कोणत्या आठवड्यात येणार हे तुम्हाला आजच दिसतं.

लागण झाल्यापासून साधारण दहा दिवसांनी ताप आणि चौदा दिवसांनी पुरळ, हा हिशेब पीटर पानुम या डॅनिश डॉक्टरनं १८४६ मध्ये पक्का केला. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर तेव्हा गोवराची साथ आली होती आणि आठ हजारांहून थोड्या कमी वस्तीतले सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले होते. पानुम गावोगाव फिरला आणि प्रत्येक ठिकाणी तेच विचारत गेला : बाहेरचा माणूस कोणत्या दिवशी आला, आणि तुमच्यातल्या पहिल्या माणसाला पुरळ कोणत्या दिवशी उठलं? गावं एकमेकांपासून तुटलेली होती, त्यामुळं उत्तरं स्पष्ट मिळाली. तिथं त्याआधीचा गोवर १७८१ चा. तेव्हा ज्यांना तो येऊन गेला होता, ती म्हातारी माणसं पासष्ट वर्षांनंतरच्या साथीतही सुटली, हेही त्यानंच नोंदवलं. प्रयोगशाळेत हा विषाणू वेगळा काढता आला तो थेट १९५४ मध्ये. त्याच्या शंभरेक वर्षं आधी या माणसानं नुसत्या तारखा विचारून एवढं हाती लावलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आपल्या शहरात गावांसारख्या तुटक वस्त्या नाहीत, म्हणून इथं आणखी एक काळजी घ्यावी लागते. पहिलं पुरळ जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं असेल, तर दोन आठवडे मागं गेलं की संक्रांत येते, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, गड्डा. चौकशी करणारा आजारी मुलांच्या घरी विचारतो, ‘यात्रेला गेला होता का?’ सगळी घरं हो म्हणतात, आणि अहवालात ‘यात्रेतून लागण’ असं लिहिलं जातं. पण बाई, त्या आठवड्यात होम मैदानावर सोलापुरातलं कोणतं मूल गेलेलं नसतं? त्याच वर्गातल्या धडधाकट मुलांच्या घरी तोच प्रश्न विचारा. तिथंही सगळे हो म्हणतील. म्हणजे त्या प्रश्नातून काहीच हाती आलं नाही. शिकवणीबद्दल, रिक्षाबद्दल, गल्लीतल्या लग्नाबद्दल विचारल्यावर मात्र आजाऱ्यांपैकी बहुतेक हो म्हणाले आणि धडधाकटांपैकी एखादंच, तर तिथं थांबून खणायचं. आजारी मुलांइतकीच निरोगी मुलांची विचारपूस झाली पाहिजे, असा माझा आग्रह असतो, आणि घाईत हेच काम सगळ्यात आधी गाळलं जातं.

आता तीन डॉक्टरांच्या तीन नावांबद्दल. गोवरात आधी तीन-चार दिवस चढता ताप, वाहतं नाक, खोकला, लाल डोळे. मग कानामागून आणि केसांच्या कडेनं पुरळ सुरू होतं, चेहऱ्यावर येतं आणि तिथून अंगभर खाली उतरतं. पुरळ उठण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, बारीक पांढुरके ठिपके दिसतात. कॉप्लिक या अमेरिकी बालरोगतज्ज्ञानं १८९६ मध्ये ते दाखवून दिले. ते एक-दोन दिवसच टिकतात, त्यामुळं ज्या डॉक्टरांनी नेमक्या वेळी बॅटरी लावून तोंडात पाहिलं त्यांनाच ते दिसतात. कांजिण्यांत पाण्याचे फोड येतात, आणि एकाच वेळी कुठं नवा फोड, कुठं खपली असं दिसतं. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड असतील तर तो वेगळाच आजार. तरी नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नसतं. पहिल्या काही मुलांचं रक्त आणि घशातला नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. तिथं गोवर ठरला की त्याच साखळीतल्या बाकीच्या प्रत्येकाला सुई टोचत बसावं लागत नाही. पुरळाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलेल्या रक्तात कधी कधी गोवर असूनही तपासणी ‘नाही’ सांगते. तेवढ्यावर कुणी निर्धास्त होऊ नये.

आणि शाळा बंद करू नका. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल दुसऱ्यांना लागण देत असतं. म्हणजे तुम्ही कुलूप लावाल तोवर जे व्हायचं ते बरंचसं झालेलं असतं, आणि सुट्टी मिळालेली मुलं गल्लीत, शिकवणीत, मामाच्या गावी एकत्र येतात. तिथं तुमच्याकडं हजेरीपटही नसतो. आजारी मुलाला पुरळ उठल्यापासून चार दिवस पूर्ण होईपर्यंत घरी ठेवा, अशक्त असेल तर त्याहून जास्त. खिडक्या उघडा, परिपाठ मैदानात घ्या, वर्ग एकत्र बसवू नका. प्रत्येक मुलाचं लसीकरण कार्ड मागवा. ज्यांचा डोस राहिलाय त्यांची यादी सिस्टर येण्याआधी तयार ठेवा, कारण संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली तर त्यातल्या काही मुलांचा आजार टळू शकतो. त्यानंतर दिलेली लसही पुढच्या ढिगासाठी कामाची असतेच. शेवटच्या मुलाच्या पुरळानंतर सहा आठवडे नवा रुग्ण आला नाही, की साथ संपली असं धरा. तोवर तो चौकोनी कागद भिंतीवर राहू द्या.

प्रश्न : माझ्या मुलीचे दोन्ही डोस वेळेवर झालेत, कार्ड आहे. तरी तिला गोवर आला. वर्गातल्या आजारी मुलांपैकी निम्म्याहून जास्त लस घेतलेलीच आहेत. मग लस घेऊन उपयोग काय झाला?
(एक आई, नीलम नगर)

उत्तर : ताई, तुमचा राग मला समजतो. कार्ड जपणाऱ्या आईला हा प्रश्न पडणारच. माझ्यासोबत कागदावर एक हिशेब करून बघा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

एका शाळेत ४०० मुलं आहेत असं धरू. ३९० मुलांचे दोन्ही डोस झालेत, १० मुलांचा एकही नाही. सगळ्यांची विषाणूशी गाठ पडली. लस नसलेल्या दहा मुलांपैकी गोवर नऊ जणांना गाठतो, तो एवढा संसर्गजन्य आहे. दोन डोस घेतलेल्या शंभरातल्या साधारण ९७ जणांना संरक्षण मिळतं, तिघांना मिळत नाही. ३९० चे तीन टक्के म्हणजे साधारण १२ मुलं. एकूण आजारी २१, त्यातली १२ लस घेतलेली. वर्गाच्या दारात उभं राहून पाहिलं तर निम्म्याहून जास्त आजारी मुलं लस घेतलेलीच दिसणार. पण मोजायचं कसं ते बघा. लस नसलेल्या दहांत नऊ आजारी, म्हणजे नव्वद टक्के. लस घेतलेल्या ३९० मध्ये बारा, म्हणजे तीन टक्के. नव्वदातले सत्त्याऐंशी लसीनं अडवले. चौकशीत आम्ही लसीचं काम असंच मोजतो. त्यासाठी आजाऱ्यांच्या यादीबरोबर शाळेतल्या सगळ्या मुलांच्या लसीची नोंद लागते, म्हणून कार्ड मागवलं तर कंटाळा करू नका.

पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्या वयात आईकडून आलेली थोडी प्रतिकारशक्ती बाळात शिल्लक असू शकते आणि ती लसीला पूर्ण रुजू देत नाही. त्या एका डोसानं शंभरात साधारण ८५ मुलांचीच सोय होते. राहिलेल्यांसाठी सोळा ते चोवीस महिन्यांमधला दुसरा. आपल्या देशात सरकारी लसीकरणात गोवराची लस १९८५ पासून आहे, दुसरा डोस २०१० पासून टप्प्याटप्प्यानं आला. नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, शाळाशाळांतून. तुमच्यापैकी अनेकांच्या थोरल्या मुलांना तो डोस मिळाला असेल. त्यानंतर जन्मलेल्यांना ती मोहीम मिळाली नाही. त्यातच २०२० च्या टाळेबंदीत लसीकरणाची सत्रं विस्कळीत झाली, दवाखान्यात जायची लोकांना भीती वाटू लागली. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी, शिवाय भिवंडी आणि मालेगाव इथं गोवर उसळला, तोही लस राहून गेलेल्या लहान मुलांत सगळ्यात जास्त. तेव्हाची बाळं आज प्राथमिक शाळेत बसतात.

तुमच्या मुलीबद्दल सांगायचं तर दोन डोस झालेल्या मुलात गोवर आलाच, तरी तो बहुधा सौम्य असतो आणि त्याच्याकडून पुढं पसरण्याची शक्यताही कमी असते. ती लवकर बरी होईल. तिचं कार्ड मात्र आरोग्य खात्याच्या माणसाला आवर्जून दाखवा. अशा मुलांची नोंद राहिली पाहिजे.

प्रश्न : आमच्या मुलाला सगळ्यांत आधी आजार झाला. आता पालकांच्या ग्रुपवर त्याचं नाव आणि फोटो फिरतोय. माझी बहीण ऊसतोडीवर असते, तिची मुलं काही दिवस आमच्याकडं होती. ‘बाहेरच्यांनी आणला’ असं लिहितात. मुलगा बरा झाला तरी शाळेत जायला रडतो. चौकशीला माणसं आली तर मी काय सांगू?
(एक वडील, टॉवेल कारखान्यातले कामगार)

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. ज्यांनी तो फोटो पुढं पाठवला त्यांनी तो आजच्या आज काढून टाकावा, आणि मुख्याध्यापिका बाईंनी ग्रुपवर तसं स्वच्छ शब्दांत लिहावं, ही माझी जाहीर विनंती आहे.

जे मूल आपल्याला आधी सापडतं ते साखळीतलं पहिलं असतंच असं नाही. वर सांगितलेल्या शाळेत सगळा गाव चौथीतल्या मुलाकडं बोट दाखवत होता, आणि त्याच्या आधीचं मूल हजेरीपटात निघालं. त्या मुलीच्याही आधी कुणीतरी असणारच. तिला तो कुठून मिळाला हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यानं काही अडलंही नाही. आधीचं मूल शोधायचं ते तारखा लावण्यासाठी, आणि त्याच्याभोवती अजून कोणती मुलं लसीविना आहेत हे कळण्यासाठी. तुमच्या मुलानं पुरळ येण्याआधी चार दिवस वर्गात बसून लागण दिली असेल, तर तेव्हा त्याला साधी सर्दी होती. हे कुणालाच ओळखता आलं नसतं, डॉक्टरलासुद्धा.

बहिणीच्या मुलांबद्दल जे असेल ते चौकशीत खरं सांगा. ती कधी आली, कधी गेली, कुणाला ताप होता का, आता कोणत्या कारखान्याच्या तळावर आहेत. हे सांगण्यानं तुमच्यावर काही येत नाही, उलट त्या तळावरची बाळं वाचू शकतात. ऊसतोडीला निघालेलं कुटुंब दिवाळीच्या आसपास घर सोडतं ते उन्हाळा लागतानाच परततं. मधल्या काळात ज्या बाळाचा डोस येतो तो गावच्या आशाताईच्या वहीत राहतो आणि बाळ असतं फडात. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, एवढे तळ. लस कोणत्याही सरकारी केंद्रात मिळते, त्यासाठी त्याच गावचं असावं लागत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांचा चुकलेला डोस मोफत भरून देतात. मोठ्या मुलांसाठी साथीच्या वेळी काय ठरलंय ते सिस्टरांना विचारा. बहिणीला फोन करून हे सांगाल का?

ग्रुपवरच्या मंडळींना एवढंच सांगते. नाव फुटलं की त्या गल्लीतली दारं आमच्यासाठी बंद होतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. मग आया कार्ड दाखवत नाहीत, आजारी मुलाला आतल्या खोलीत निजवतात, आणि धोका तुमच्या मुलांचा वाढतो.

प्रश्न : आमच्यात गोवर आला की घरात फोडणी घालत नाहीत. पोराला अंघोळ नाही, दवाखाना नाही. लिंबाचा पाला उशाशी ठेवायचा आणि देवीला दहीभात. सून म्हणते दवाखान्यात न्यायचं. माझी सहा लेकरं अशीच बरी झाली. नातू दोन वर्षांचा आहे. काय करावं?
(एक आजी, बाळे, पत्र नातीनं लिहिलं आहे)

उत्तर : आजी, लिंबाचा पाला राहू द्या, दहीभाताचा नैवेद्यही दाखवा. फोडणी न घालताही वरण पोटात जातंच, त्याला माझी हरकत नाही. पण नातवाला सुनेबरोबर आजच दवाखान्यात पाठवा.

तुमची सहाही सुखरूप राहिली, याचा मला आनंद आहे. तुमच्याच वयाच्या कितीतरी बायका बोलता बोलता सांगतात, ‘आठ झाली, पाच राहिली’, आणि गेलेल्यांतलं एखादं गोवरानंतरच्या खोकल्यानं नाहीतर हगवणीनं गेलेलं असतं. गोवरात जिवावर बेततं ते बहुतेक वेळा मागून येणाऱ्या न्यूमोनियानं आणि जुलाबांनी. पाच वर्षांखालच्या आणि कुपोषित मुलांना हा धोका जास्त.

दवाखान्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देतात, लागोपाठ दोन दिवस : वर्षाच्या पुढच्या मुलाला २ लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख, त्याहून लहान असेल तर ५० हजार. गोवरात शरीरातलं हे जीवनसत्त्व झपाट्यानं घटतं आणि डोळ्याची बुब्बुळं खराब होऊन मूल आंधळं होऊ शकतं. डोस डॉक्टरांच्या हातूनच घ्यायचा, घरी बाटली आणून पाजायचा नाही. डोळ्यांत मध, दूध, काजळ, काही घालू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापड भिजवून पुसा.

खाणं तोडू नका. अंगावर पीत असेल तर पिऊ द्या. ज्वारीच्या कण्या, ताक, मऊ भात, मुगाचं वरण, दुधात कुस्करलेली भाकरी, जे जाईल ते थोडं थोडं, दिवसातून पुष्कळ वेळा. कोमट पाण्यानं अंग पुसायला काहीच हरकत नाही.

एक गोष्ट सुनेला शिकवून ठेवा. नातू शांत असताना त्याचा सदरा वर करून घड्याळाच्या पूर्ण एका मिनिटात श्वास मोजायचे. त्याच्या वयाला ४० किंवा जास्त भरले, तर लगेच दवाखाना. वर्षाच्या आतल्या बाळाला ५० चा आकडा. शिवाय गुंगीत असेल, झटका आला, पिणं सोडलं, तोंड आतून सोललं, बुब्बुळ धुरकट दिसलं, तरी रात्र असली तरी निघा. गोवर उतरल्यावरही काही महिने त्याला जपा. हा विषाणू शरीरानं आधीच्या आजारांशी लढून कमावलेली ताकद पुसून टाकतो, त्यामुळं मूल पुढच्या आजारांना लवकर सापडतं. घरात नऊ महिन्यांखालचं दुसरं बाळ असेल तर तेही सिस्टरांना सांगा. साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळालाही जादा डोस देण्याचा निर्णय कधी कधी घेतला जातो.

प्रश्न : मी त्याच शाळेत शिकवते. मला तिसरा महिना आहे. सुट्टी घ्यावी का?
(एक शिक्षिका)

उत्तर : प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत त्या वर्गांपासून दूर राहा आणि आजच तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करा. ताप आणि पुरळ गोवरासारखं दिसलं तरी आजार रुबेला असू शकतो. मुलांना तो हलका जातो, पण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला झाला तर बाळाच्या डोळ्यांना, हृदयाला, कानांना इजा होते. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेग या नेत्रतज्ज्ञानं १९४१ मध्ये जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांना विचारून हा संबंध उघड केला. गोवरही गरोदर बाईला जड जातो. तुमच्या रक्तात संरक्षण आहे का, हे तपासता येतं. गोवर-रुबेलाची लस गरोदरपणी घेता येत नाही, त्यामुळं घाईनं कुठं टोचून घेऊ नका. मुख्याध्यापिका बाईंनी तुम्हाला त्या काळात कार्यालयातलं काम द्यावं, आणि ते मागायला संकोच करू नका.

प्रश्न : मी शाळेची मुलं व्हॅनमधून नेतो. गाडी फिनाईलनं धुऊन काढली. आता मुलं बसवायला हरकत नाही ना?
(एक व्हॅनवाले काका)

उत्तर : काका, गाडी स्वच्छ ठेवता हे चांगलंच, पण गोवराला फिनाईल अडवत नाही. तो श्वासातल्या हवेतून जातो. थंडी असली तरी काचा खाली ठेवा, एका खेपेत कोंबून मुलं घेऊ नका, आणि दोन खेपांच्या मध्ये दारं उघडून गाडी थोडी उभी करा. ज्याला ताप आणि लाल डोळे दिसतील त्याला दारातूनच आईकडं परत द्या. ती रागावली तरी चालेल.

तुमच्याकडून मला आणखी एक हवंय. मागच्या महिन्यात तुमच्या गाडीत कोण कोण बसलं, कोणत्या खेपेला, कोणत्या थांब्यावरून, आणि मध्येच कोण यायचं बंद झालं, हे आठवून एका कागदावर लिहा. एकाच गाडीत वेगवेगळ्या शाळांची मुलं असतील तर तीही. त्या दुसऱ्या शाळांना अजून काहीच माहीत नसेल. तो कागद आमच्या माणसांनी विचारण्याची वाट न बघता उद्या सकाळच्या खेपेलाच मुख्याध्यापिका बाईंच्या हातात द्या.